वर्ष भारी गेलं, पण आत कोणकोण होतं?

डिसेंबर लागला की फोन आपल्यालाच आपलं वर्ष सांगायला लागतो. गाण्यांचं ॲप सांगतं तू ह्या गायकाला सगळ्यात जास्त ऐकलंस, जेवण मागवायचं ॲप सांगतं किती बिर्याण्या हाणल्यास, आणि गॅलरी स्वतःच्याच मनाने फोटो निवडून त्यांना रडकं म्युझिक लावून देते, त्यात हमखास एक फोटो गॅसच्या पावतीचा असतो. मग सगळेच आपापली यादी टाकतात. यंदाचे आवडते क्षण, इतके सिनेमे, तितक्या मॅचेस, एखादी कॉन्सर्ट. मलाही याद्या आवडतात, दरवर्षी करते, २०२५ चीही केलीय. फक्त यंदा प्रत्येक गोष्टीपुढे बारीक अक्षरात चार गोष्टी लिहीत गेले, तिकीट साधारण कितीला पडलं, शो किती वाजता होता, गेले कशाने आणि सोबत कोण येऊ शकलं. आणि मग पूर्ण यादी वाचली तर त्यात माझ्या आवडीनिवडीपेक्षा कुठलं दार उघडं होतं आणि कुठलं बंद होतं हेच जास्त दिसत होतं.

तर माझं म्हणणं असं आहे की आपण "वर्षातले अविस्मरणीय क्षण" असं म्हणतो तेव्हा ते सगळ्यांवर सारखेच बरसले असं धरून चालतो, आणि ते साफ खोटं आहे. एखादा क्षण खूप जणांचा होतो कारण कोणीतरी तो खूप जणांना गाठता येईल असा ठेवलेला असतो, तिकीट कमी ठेवून, वेळ नीट देऊन, हॉल बांधून, शेवटची ट्रेन चालवून. आणि बऱ्याचदा कोणीही तसा ठेवलेला नसतो. वर्षाअखेरी हिशेब करायचाच असेल तर कलाकारांच्या आणि खेळाडूंच्या बरोबरीने ह्या दार सांभाळणाऱ्यांचाही करा ना, आयोजक, महापालिका, मल्टिप्लेक्सवाले, सरकार, सगळ्यांचा.

ह्यासाठी नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमसारखं उदाहरण शोधून सापडणार नाही. त्याच गवतावर जानेवारीत कोल्डप्ले ह्या इंग्लिश बँडची कॉन्सर्ट झाली, १८, १९ आणि २१ तारखेला, आणि त्याच गवतावर २ नोव्हेंबरला आपल्या बायकांनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला. दोन्ही प्रत्येकाच्या यादीत आहेत, बरेचदा एकाखाली एक. पण आत शिरायची कथा बघा. कोल्डप्लेचं बुकिंग सप्टेंबर २०२४ मध्ये उघडलं तेव्हा तिकिटं अडीच हजारापासून पस्तीस हजारापर्यंत होती, रांगेत लाखांमधले नंबर लागत होते, आणि काही तासांत तीच तिकिटं दुसरीकडे लाखाच्या घरात विकायला आल्याच्या बातम्या. माझा भाचा त्या दिवशी लॅपटॉप, मोबाईल आणि आईचा मोबाईल असे तिन्ही समोर मांडून बसला होता, जेवायलाही उठला नाही. त्याला मिळालं तिकीट, आणि तो आजही त्या हातातल्या चमकणाऱ्या पट्ट्यांबद्दल असं बोलतो की जणू साक्षात्कार झालेला. मला त्याचा हेवा वाटतो, टिंगल नाही करायची. पण त्याच्या ऑफिसातला हाऊसकीपिंगवाला मुलगा, जो त्याच बँडची गाणी त्याच कानांनी ऐकतो, त्याच्यासाठी ती तीन दिवसांची पाम बीच रोडवरची ट्रॅफिक होती, एवढंच.

आता नोव्हेंबर. महिला वर्ल्ड कपच्या साखळी सामन्यांची तिकिटं आयसीसीने १०० रुपयांपासून ठेवली होती. शंभर! नेरुळ स्टेशनबाहेर दोन जणांनी वडापाव आणि ऊसाचा रस घेतला तरी तेवढे जातात. त्यामुळे झालं काय की २३ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन भाऊबीजेला, भारत-न्यूझीलंड मॅच होती आणि माझ्या भावाने ओवाळणीत पाकीट न देता तिकिटं दिली, मला, वहिनीला, भाचीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना. स्टँडमध्ये असे कितीतरी होते, ठेवणीतले कपडे घातलेल्या काकू, डब्यातून चकल्या, कपाळावर अजून ओवाळल्याचं कुंकू. सांगलीची स्मृती मानधना आणि प्रतीका रावळ दोघींनी शतकं ठोकली, दोनशेच्या वर सलामी, मध्ये पाऊस आला, सगळे भिजले, कोणी गेलं नाही. भाची अकरा वर्षांची आहे आणि तिने तोपर्यंत क्रिकेट म्हणजे बाबा टीव्ही सोडत नाहीत तो प्रकार असंच समजलेलं होतं. त्या दिवशी घरी जाताना ट्रेनमध्ये ती मला फील्डिंग पोझिशन विचारत होती. हा माझा यंदाचा एक नंबरचा क्षण, आणि तो शंभराच्या आसपासच्या तिकिटामुळे घडला, हजाराचं असतं तर भावाने पाचजणींना नेलं नसतं, मुकाट्याने पाकीट दिलं असतं आणि आम्ही घरी मॅच लावली असती.

पुढचं सगळ्यांना माहितीये. ३० ऑक्टोबरची सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाचे ३३८, आणि आपली मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७, जिला त्याच स्पर्धेत एका मॅचला बाहेर बसवलं होतं. जिंकल्यावर ती रडत रडत सांगत होती की आतून किती घाबरलेली होते, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जिथे एरवी पार्किंगवरून भांडणं चालतात तिथे रात्री सगळ्या बायका रडायचे इमोजी टाकत होत्या. मग फायनल, पावसाने दोन तास उशीर, २९८ धावा, शेफाली वर्मा जी जखमी प्रतीकाच्या जागी ऐनवेळी आली तिच्या ८७, दीप्ती शर्माच्या पाच विकेट, मध्यरात्र उलटली तेव्हा हरमनप्रीतने मागे धावत घेतलेला तो शेवटचा कॅच. २००५ ला फायनल हरलो, २०१७ ला हरलो, आणि आता हे. कोच अमोल मुझुमदार, ज्याने रणजीत ढिगाने रन केले आणि भारताकडून एकही मॅच खेळायला मिळाली नाही. आत जवळजवळ ४० हजार माणसं होती. मला फायनलचं तिकीट मिळालं नाही, तिथे मारामारी होतीच. पण ती गर्दी फायनलच्या दिवशी आकाशातून पडली नाही हे लक्षात घ्या, ती आधीच्या स्वस्त मॅचेसमध्ये तयार झाली होती. भाऊबीजेला आलेल्या काकू फायनलला टीव्हीसमोर होत्या कारण आता त्यांना टीममधली नावं माहीत होती.

आणि ह्याच स्टेडियमला ह्या मॅचेस का मिळाल्या तेही विसरू नका. त्यातल्या बऱ्याच मुळात बंगळुरूला व्हायच्या होत्या. ४ जूनला तिथे चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएलच्या विजयाच्या सेलिब्रेशनला चेंगराचेंगरी झाली, ११ जण गेले, आणि नंतर तिथल्या मॅचेस इकडे हलवल्या. म्हणजे आमच्या आनंदाच्या खाली कुणाच्यातरी घरचं सुतक आहे. कोणी म्हणेल बघा, सगळ्यांना बोलावलं की असं होतं, तिकीट महाग ठेवलं तर गर्दी आटोक्यात राहते. हे मी अगदी शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलंय. पण ती माणसं स्वस्ताईने मेली नाहीत हो. लाखोंना या म्हणून सांगायचं, आत कोणाला आणि कुठून घेणार ते नीट ठरवायचंच नाही, ह्याने मेली. नेरुळला शंभरच्या तिकिटाची गर्दी आली, भिजली आणि रांगेने घरी गेली.

सिनेमाकडे वळते, कारण माझ्या यादीत दोन मराठी सिनेमे वर आहेत आणि दोघांची तऱ्हा वेगळी.

पहिला 'दशावतार', १२ सप्टेंबरला आला. दिलीप प्रभावळकर, वय वर्ष ८१, आणि त्या वयात ती सोंगं, ते जंगल, ते पाणी, बघताना आपणच खुर्चीचा हात घट्ट धरून बसतो. माझ्या आईचं माहेर कुडाळकडचं. तिला घेऊन गेले तर ती इंटरव्हलला पॉपकॉर्नचा भाव ऐकून म्हणाली, "आमच्या जत्रेत तिकीट खंय होता?" आणि मला तिथल्या तिथे तो मुद्दा सापडला जो मी इथे लिहितेय. दशावतार म्हणजे रात्रभर देवळासमोर चालणारं नाटक, मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर अशा कंपन्या जत्रेच्या सीझनमध्ये गावोगाव फिरतात, आणि बघायला पैसे लागत नाहीत. पण फुकट काहीच नसतं, कंपनीला देवस्थान देतं, गाव देतं, वर्गणी निघते. सगळ्यांनी मिळून आधी पैसे भरायचे आणि मग रात्री येईल त्याने बसायचं, शेवटच्या घरातल्या म्हातारीने पण. ही व्यवस्था आपल्याकडे शेकडो वर्षं चालू आहे आणि आपण मात्र शहरात आल्यावर असं वागतो की मनोरंजन म्हणजे ज्याने त्याने आपापलं कार्ड स्वाइप करणं, दुसरा काही मार्गच नाही.

'दशावतार' चालला, छान चालला, मराठी सिनेमा म्हणून थिएटरं भरली. पण त्याच शुक्रवारी आणखी दोन मराठी सिनेमे लागले होते, 'बिन लग्नाची गोष्ट' आणि 'आरपार'. तिघांनी एकाच दिवशी यायचं आणि मग मराठी माणूस मराठी सिनेमा बघत नाही म्हणून रडायचं, ह्याला काय म्हणावं मला कळत नाही, निर्मात्यांनी एकमेकांना फोन करायला कोणाची परवानगी लागते का?

दुसरा 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडेचा. जानेवारीत अमेरिकेत सनडान्सला वर्ल्ड सिनेमा विभागातलं सर्वात मोठं ज्युरी बक्षीस मिळालं, तिथे निवडला गेलेला तो पहिलाच मराठी सिनेमा. बाप गेलाय म्हणून दहा दिवसांसाठी गावी आलेला मुंबईचा मुलगा, लग्न कधी करणार म्हणून टोचणारे नातेवाईक, आणि लहानपणचा मित्र, ज्याच्याशी त्याचं जुळत जातं. एकही आवाज चढत नाही त्यात, आणि तरी सगळं बोललं जातं. १९ सप्टेंबरला आपल्याकडे लागला. आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्सला एकच शो, तोही कामाच्या दिवशी सकाळचा, जेव्हा फक्त रिटायर्ड लोक आणि माझ्यासारखे हाफ डे टाकणारे येऊ शकतात. हॉलमध्ये आम्ही तुरळक. दुसऱ्या आठवड्यात तोही शो गेला. मग वर्षाअखेरी सगळ्या "बेस्ट मराठी" याद्यांमध्ये हा पहिल्या पाचात, आणि खाली प्रतिक्रिया एकच, कुठे बघायला मिळेल? म्हणजे यादी बनवणाऱ्यांनी पाहिला आणि यादी वाचणाऱ्यांना मिळाला नाही, ही आपल्या सांस्कृतिक वर्षाची खरी अवस्था.

जुलैमध्ये ह्यावर राडा झालाच होता, मराठी 'येरे येरे पैसा ३' चे शो काढून हिंदी 'सैयारा'ला दिले म्हणून. पक्षांनी इशारे दिले, चॅनेलवाल्यांनी दोन दिवस दळण दळलं, मग सगळे गप्प. माझा ह्या काच फोडायच्या भाषेवर अजिबात विश्वास नाही. 'सैयारा' बघायला जाणारी पोरं पण मराठीच होती, त्यांना अडवून काय मिळणार. शिवाय २०१५ ला सरकारने मल्टिप्लेक्सला मराठीसाठी प्राइम टाइम द्यायला लावला होता, मग बोंबाबोंब झाल्यावर प्राइम टाइमच दुपारी १२ ते रात्री ९ करून टाकला. दुपारी बाराला प्राइम टाइम! कोणत्या नोकरदाराचा? नियम कागदावर पाळला आणि दार बंदच राहिलं.

तिकिटाच्या किमतीचं बोला तर कर्नाटकने सप्टेंबरमध्ये २०० रुपयांची मर्यादा घातली आणि हायकोर्टाने थोड्याच दिवसांत स्थगिती दिली. आपल्याकडे करमणूक कर २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाच गेला, त्यामुळे अमुक सिनेमा टॅक्स फ्री करा ह्या मागणीत आता दम नाही, तरी दर ऐतिहासिक सिनेमाला कोणीतरी ती करतंच. २२ सप्टेंबरपासून शंभरपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, छान, पण ठाण्यात रविवारी संध्याकाळी शंभरचं मल्टिप्लेक्स तिकीट दाखवा, मी तुम्हाला मिसळ खायला घालते. नसलेल्या तिकिटावर सूट दिलीय.

मला सरसकट मर्यादा नकोय खरं तर, रिक्लायनरवर पसरून बघणाऱ्याने खुशाल हजार द्यावेत. मला दुसरं दार हवंय. आणि ते कसं असतं ह्याचं उदाहरण आमच्याच गावात, ठाण्यात आहे. गडकरी रंगायतन हे पालिकेचं नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद होतं आणि ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं. मधले महिने ठाण्यात नाटक म्हणजे लांबच्या घाणेकर नाट्यगृहाला जा, जे तलावपाळीच्या आजूबाजूच्या म्हाताऱ्या लोकांना रिक्षाचा खर्च धरून जड पडतं, माझी आई तर गेलीच नाही. गडकरी उघडल्यावर ती आणि तिची भजनी मंडळातली गँग चालत नाटकाला जायला लागली. चालत! तिच्या वर्षाचा आवडता क्षण विचारला तर ती कुठल्याही नाटकाचं नाव घेत नाही, "गडकरी चालू झालं" एवढंच म्हणते, आणि मला वाटतं माझ्यापेक्षा तिला मुद्दा आधी कळलाय. ते १९७८ ला सुरू झालं, म्हणजे त्याआधी कोणीतरी ठरवलं की शहराच्या मधोमध, स्टेशनपासून चालत जाता येईल असं, पालिकेच्या पैशाने नाट्यगृह बांधायचं. त्याचं व्याज आम्ही अजून खातोय. तेव्हा कोणी विचारलं असेलच की आधी गटारं करा, नाटकं कसली. गटारंही करा, नाही कोण म्हणतंय.

काही क्षणांना दारच नव्हतं आणि ते आपोआप सगळ्यांचे झाले, हेही खरंय. नागपूरची दिव्या देशमुख, १९ वर्षांची, जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकली, समोर कोनेरू हम्पी, टायब्रेकमध्ये. एकही ग्रँडमास्टर नॉर्म, म्हणजे त्या किताबासाठी स्पर्धांमध्ये करावी लागणारी ठरावीक कामगिरी, नावावर नसताना गेली आणि थेट ग्रँडमास्टर होऊन परत आली. ते लाइव्ह फुकट होतं, सोमवार होता, आमच्या ऑफिसात ज्यांना घोडा अडीच घरं चालतो एवढंच येतं तेही एका कोपऱ्यात मोबाईल टेकवून बसले होते. जिंकल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली तेव्हा तिथे काम थांबलं होतं. संजू राठोडचं 'शेकी' हे गाणं पण तसंच, एप्रिलपासून ते गणपतीपर्यंत अशी हळद नाही जिथे ते वाजलं नाही, त्याला ना तिकीट ना शोची वेळ. आणि ऑगस्टमध्ये अभिनेत्री ज्योती चांदेकर गेल्या तेव्हा कितीतरी घरांत 'ठरलं तर मग' मालिकेतली पूर्णा आजी गेली म्हणून संध्याकाळी खरोखरचं गप्प वातावरण होतं. हे मात्र तुम्हाला "पॉप कल्चर २०२५" च्या एकाही चकचकीत यादीत सापडणार नाही, कारण रोज रात्री मालिका बघणारी बाई यादी टाकत नाही, तिला कोणी विचारतही नाही. यादी करणारे आपण, म्हणजे साधारण पंचवीस ते पंचेचाळीस, हातात कार्ड, वीकेंड मोकळा. आपण आपलं वर्ष लिहितो आणि वर नाव महाराष्ट्राचं देतो.

एक गंमत बघा, गणपतीतसुद्धा आता हेच. लालबागला व्हीआयपी वेगळ्या वाटेने जाऊन पायाशी फोटो काढणार आणि बाकीचे तासन् तास रांगेत ढकलले जाणार. जो उत्सव मुळातच रस्त्यावरचा, बिनतिकिटाचा, आणि ज्याला ह्याच वर्षी सरकारने राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलं, तिथेही आपण दोन दारं करून दाखवली. दुसरीकडे जुलैमध्ये युनेस्कोने शिवाजी महाराजांशी आणि मराठ्यांशी जोडलेले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातले ११ आपल्या राज्यातले, आणि लोहगडावर त्यानंतरच्या रविवारी जी गर्दी होती ती बघून आनंद आणि धडकी दोन्ही भरली. पायवाटेवर मुंग्यांसारखी माणसं, आणि पायथ्याच्या वाडीत गाड्या लावायलाही जागा नाही. दार उघडं ठेवायचं तर उंबऱ्याशी कोणीतरी उभंही राहायला हवं, बंगळुरूचं आत्ताच लिहिलं वर.

माझा भाचा हे सगळं ऐकून म्हणाला, मावशी, कोल्डप्लेला सरकारने सबसिडी द्यायची का आता? नाही रे बाबा. खासगी कंपनी, खासगी पैसा, त्यांनी काय भाव लावायचा तो लावावा. पण कोल्डप्लेच्याच अहमदाबादच्या कॉन्सर्टला जायला रेल्वेने स्पेशल गाड्या सोडल्या होत्या बांद्र्याहून, विसरलास? पोलीस, ट्रॅफिक बंदोबस्त, रस्ते, हे सगळ्यांचंच होतं ना. मग सार्वजनिक यंत्रणा पस्तीस हजारवाल्यांसाठी हलू शकते तर रात्री बारानंतर संपणाऱ्या महिला फायनलला आलेल्या मुलींसाठी हार्बरवर चार जादा लोकल हा प्रश्न आधीच विचारायला हवा, नंतर नाही. त्यावर तो म्हणाला तू बोअर झालीयेस. झाले असेन.

फेब्रुवारी-मार्च २०२६ मध्ये पुरुषांचा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, वानखेडेवर मॅचेस, सेमीफायनलसुद्धा. सगळे आत मावणार नाहीत हे उघड आहे. ठाणे महापालिकेने सेंट्रल मैदानात एक मोठा पडदा लावावा, बायकांच्या टॉयलेटची सोय करावी, आणि दोन रुग्णवाहिका उभ्या कराव्यात, एवढं पत्र मी आणि सोसायटीतल्या तिघींनी लिहिलंय. पार्किंगवरून भांडणाऱ्याच त्या. एकीचं म्हणणं होतं पडद्यावर मध्ये मध्ये महिला टीमचे मॅचेसही दाखवा असं टाकूया, ते टाकलंय. सह्या अजून गोळा करतोय.